तीन आणि चार नंबरच्या रिकाम्या जागा

मी जन्मानं सुप्याचा आणि वाढलो रामनगरात. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून उठलं. आमच्यासारखी बरीच घरं इकडे लोंढ्याच्या बाजूला, बेळगाव-गोवा रस्त्यावर येऊन वसली. गणेशगुडीची ती भिंत १०१ मीटर उंच आहे, पायथ्याला पन्नास-पन्नास मेगावॉटचे दोन संच आहेत. आज तालुक्याला सगळे जोयडा म्हणतात. माझे वडील मात्र शेवटपर्यंत सुपा तालुकाच म्हणायचे, पत्रावरही तेच लिहायचे. गाव बुडालं म्हणून त्याची जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नसते, असं त्यांचं म्हणणं होतं.

वडिलांचं हे वाक्य मला कामावर एका तक्त्यापाशी हटकून आठवतं. इंटरनेटवरच्या क्रमांकांची नोंद ठेवणारी आयाना म्हणून संस्था आहे. व्हीपीएनची, म्हणजे सार्वजनिक इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी जोडणीची, दोन टोकं गुप्त किल्ली ठरवताना गणिताची कुठली पद्धत वापरणार, त्या पद्धतींना तिनं क्रमांक दिले आहेत. एक आणि दोनसमोर नावं आहेत, पाचसमोर नाव आहे. तीन आणि चारसमोर फक्त 'राखीव' एवढा शब्द. या दोन जागांवर एके काळी कर्व्ह होते.

मी नेटवर्कचं काम करतो. बेळगावात सुरुवात केली, मग बरीच वर्षं गोव्यात काढली, आता रामनगरच्या घरातून करतो. शाखा एकमेकींना जोडायच्या, मधला रस्ता सार्वजनिक इंटरनेटचा असतो म्हणून त्यावर कूटबद्ध टनेल उभा करायचा, आणि त्या टनेलच्या दारात कुठले कर्व्ह चालतील याची यादी लिहून ठेवायची, हे माझं रोजचं काम. यादी चार शब्दांची असते. पण त्यातल्या प्रत्येक शब्दामागे कुणाचा तरी निर्णय, कुणाची तरी चूक आणि कुणाचा तरी संशय आहे. हे मला फार उशिरा कळलं. नवीन मुलांना ते लवकर कळावं म्हणून हे लिहितो आहे.

यादी आणि दार हे नातं आमच्या घरात जुनं आहे. आजोबा कॅसलरॉकला हमाल होते. मुरगावहून घाट चढून येणारी गाडी १८८८ मध्ये तिथवर पोचली, आणि कॅसलरॉक हे ब्रिटिश मुलखाच्या हद्दीवरचं स्टेशन झालं. खाली कुळ्याला पोर्तुगीजांची जकात आणि वर कॅसलरॉकला इंग्रजांची. आजोबा सांगायचे, ट्रंक उघडायची, साहेबानं यादीवर बोट फिरवायचं, चालणारी वस्तू असली तर ट्रंकेवर खडूची खूण, नसली तर ट्रंक फलाटावरच. यादी बदलली की आधी हमालांना कळायचं, कारण फलाटावरचा ढीग बदलायचा. १९५५ मध्ये भारत आणि गोव्यामधली ही रेल्वे बंद पडली, आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर त्या जकातीचं कारणच संपलं. तरी आजोबा घरात आलेली कुठलीही पेटी आधी उघडून बघायचे.

आता कर्व्ह म्हणजे काय ते सांगतो. पुस्तकात त्याला लंबवर्तुळी वक्र म्हणतात, आमच्या धंद्यात नुसतं कर्व्ह. तो लंबवर्तुळाच्या आकाराचा नसतो. लंबवर्तुळाच्या कमानीची लांबी काढताना जी समीकरणं भेटली त्यांच्यावरून हे नाव पडलं. या वक्रावर दोन बिंदू घ्यायचे, त्यांतून सरळ रेघ ओढायची, ती वक्राला तिसऱ्या ठिकाणी छेदते, त्या छेदाचं आडव्या अक्षापलीकडचं प्रतिबिंब घ्यायचं. झाली दोन बिंदूंची बेरीज. एकच बिंदू स्वतःमध्ये पुन्हा पुन्हा मिळवत गेलं की तो सगळीकडे उड्या मारत फिरतो. किती वेळा मिळवला ते मला माहीत असेल तर शेवटचा बिंदू मी क्षणात काढतो. तुमच्या हाती फक्त पहिला आणि शेवटचा बिंदू असेल, तर किती वेळा मिळवला हे शोधायला जगातली सगळी यंत्रं जुंपूनही आयुष्य पुरणार नाही. टनेलच्या दोन्ही टोकांनी आपापला आकडा मनात ठेवायचा, शेवटचा बिंदू उघडपणे पाठवायचा, आणि समोरच्याच्या बिंदूवर आपला आकडा चालवायचा. दोघेही एकाच बिंदूवर पोचतात. तो बिंदू वायरवरून कधीच जात नाही, आणि त्यातूनच किल्ली तयार होते.

दोन उत्तरांची जोडणी करून तिसरं उत्तर मिळवायची ही युक्ती पहिल्यांदा वाचली तेव्हा ती मला ओळखीची वाटली. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये वर्गप्रकृतीच्या समीकरणासाठी 'भावना' सांगितली, ती याच जातीची: दोन उत्तरं हाती असली की त्यांच्यातून तिसरं निघतं. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'बीजगणित' ग्रंथात चक्रवाल पद्धत मांडून ती पुढे नेली. एखाद्या वर्गाला ६१ नं गुणून त्यात १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, असा आकडा त्यांनी काढला: २२६१५३९८०. तो घेतला की पुढचं वर्गमूळ येतं १७६६३१९०४९. चाळीसगावजवळ पाटणला त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे, आणि तो लेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांनी व्हीपीएनचं गणित केलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांचा वक्र वेगळा होता, प्रश्नही वेगळा. पण उत्तरांची बेरीज करता येते ही कल्पना परकी मानून घाबरणाऱ्या आपल्या मुलांना पाटणचा तो दगड जाऊन बघा एवढं तरी मी सांगेन.

हे वक्र गुप्ततेसाठी वापरावेत ही कल्पना १९८५ मध्ये दोघांना स्वतंत्रपणे सुचली, अमेरिकेतल्या नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांना. मिलर आयबीएममध्ये होते, कोब्लिट्झ वॉशिंग्टन विद्यापीठात. नंतरची दहाएक वर्षं बहुतेक जग आरएसएच्या मोठमोठ्या संख्यांवरच चाललं. नोव्हेंबर १९९८ मध्ये व्हीपीएनची किल्ली ठरवायचा पहिला मोठा दस्तऐवज, आरएफसी २४०९, आला; आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज. त्यात चार गट होते. एक आणि दोन साध्या मोठ्या अविभाज्य संख्यांचे, ७६८ आणि १०२४ बिटांचे. तीन आणि चार वक्रांचे, एक १५५ बिटांच्या आणि दुसरा १८५ बिटांच्या क्षेत्रावर.

आता १५५ म्हणजे पाच गुणिले एकतीस, आणि १८५ म्हणजे पाच गुणिले सदतीस. निवडणाऱ्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही, हिशेब जलद होतो म्हणून तसं घेतलं. पण जिथे आकड्याचे असे अवयव पडतात तिथे भिंतीला सांधा राहतो. २००० च्या सुमारास गॉड्री, हेस आणि स्मार्ट यांनी तो सांधा दाखवला: अशा क्षेत्रावरचा प्रश्न दुसऱ्या जागी नेऊन सोडवता येतो आणि तिथे तो सोपा पडू शकतो. पुढे स्मार्ट यांनी या १५५ च्या वक्राची वेगळी तपासणीही केली. मग २००५ मध्ये किल्लीचा दुसरा दस्तऐवज आला तेव्हा तीन आणि चार त्यात नव्हते. क्रमांक मात्र कुणालाही पुन्हा दिले नाहीत. जुनं यंत्र कुठेतरी 'तीन' म्हणेल आणि नव्या यंत्राला तीनचा भलताच अर्थ लागेल, हे टाळायचं होतं. माझ्या वडिलांना हे कारण पटलं असतं.

त्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? १९९८ मध्ये खासगी इंटरनेट कंपन्यांना परवाने मिळू लागले, त्यात अट होती की परवानगीशिवाय ४० बिटांपर्यंतच्याच किल्ल्या वापरायच्या. ४० बिटांची किल्ली तेव्हाही तुटत होती. दुसरीकडे रिझर्व्ह बँकेनं २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिट मागितले. दोन सरकारी कागद, दोन वेगळ्या याद्या. आम्ही शाखा जोडणारी माणसं बँकेचा कागद वर ठेवायचो, कारण पैसे तिथे होते. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात पुढे ८४ए कलम घालून एन्क्रिप्शनच्या पद्धती ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारनं घेतला. सप्टेंबर २०१५ मध्ये धोरणाचा मसुदा आला आणि लोकांनी आरडाओरड केल्यावर काही दिवसांतच मागे घेतला गेला.

अमेरिकेत निस्टनं, म्हणजे तिथल्या मानक संस्थेनं, २००० मध्ये आपले वक्र प्रमाण मानून छापले: पी-२५६, पी-३८४, पी-५२१ आणि आणखी काही. २००७ मध्ये हे तीन व्हीपीएनच्या यादीत १९, २० आणि २१ क्रमांकांवर बसले. इथे एक गोष्ट घडली, ती आज कुणी सांगत नाही. बिंदूला दोन निर्देशक असतात, आडवा आणि उभा. २००७ च्या दस्तऐवजानुसार दोन्ही मिळून गुपित बनत होतं. मग दुरुस्ती निघाली की फक्त आडवा घ्या. जून २०१० मध्ये आरएफसी ५९०३ नं तेच कायम केलं. म्हणजे दोन्ही टोकांवर '१९' लिहिलेलं, दोन्ही टोकांचा वक्र तोच, आणि तरी किल्ली जुळत नाही, कारण एकानं पूर्ण बिंदू धरला आणि दुसऱ्यानं अर्धा. यादीत नाव सारखं असलं म्हणजे माल सारखा असेलच असं नाही, हे आजोबांना शिकवावं लागलं नसतं.

आणि मग संशयाची वर्षं आली. निस्टच्या वक्रांमागचे बीज-आकडे अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेनं पुरवले होते. ते कुठून आले याचं पटेल असं स्पष्टीकरण कधी दिलं गेलं नाही. वक्रांमध्ये दोष सापडलेला नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पी-२५६ आजही जगभर चालतो, मीही चालवतो. पण त्याच घरातून आलेल्या दुसऱ्या एका वस्तूनं विश्वास घालवला. पी-२५६ वरच्या दोन बिंदूंवर चालणारा, ड्युअल ईसी नावाचा, यादृच्छिक आकडे काढायचा एक प्रकार निस्टनं २००६ मध्ये छापला होता. २००७ मध्ये शुमो आणि फर्ग्युसन या दोघांनी दाखवलं की त्या दोन बिंदूंमधलं नातं ज्याला माहीत असेल, त्याला पुढचे सगळे आकडे आधीच कळतील. २०१३ मध्ये एनएसएची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनची कागदपत्रं बाहेर आली आणि पुढे हा प्रकार मानकातून काढला गेला.

डिसेंबर २०१५ मध्ये जुनिपर कंपनीनं जाहीर केलं की त्यांच्या स्क्रीनओएसवर चालणाऱ्या यंत्रांमध्ये कुणीतरी परवानगीशिवाय कोड घातला आहे आणि त्यामुळे व्हीपीएन उलगडता येतो. संशोधकांनी शोधून काढलं तेव्हा दिसलं की ड्युअल ईसीमधला एक बिंदू, एक स्थिर आकडा, बदललेला होता. कुलूप तेच, दार तेच, फक्त कुलपाच्या आतली एक पट्टी दुसऱ्याच माणसाच्या किल्लीची. ती बातमी मी वेर्ण्याच्या ऑफिसात वाचली. त्या रात्री घाट चढून येताना अनमोडच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती, आणि माझ्या डोक्यात एकच: आपण यादीत जे नाव लिहितो, त्या नावाच्या आतले आकडे कुणी ठरवले हे आपण कधी विचारलंच नाही.

विचारणारे होते. डॅनिअल बर्नस्टाईन यांनी २००६ मध्येच कर्व्ह २५५१९ मांडला होता. दोनाचा २५५ वा घात घ्या, त्यातून १९ वजा करा, ती अविभाज्य संख्या म्हणजे त्याचं क्षेत्र. वक्राचा मुख्य आकडा ४८६६६२, कारण ठरवलेल्या कसोट्यांना उतरणारा तो सगळ्यांत लहान. आरंभबिंदू ९. प्रत्येक आकड्यापुढे 'का' विचारलं की उत्तर मिळतं, आणि ते उत्तर कुणीही घरी बसून तपासू शकतो. मला या वक्राचं सर्वांत मोठं मोल वाटतं ते हेच, त्याचा वेग नंतर. जानेवारी २०१६ मध्ये तो आरएफसी ७७४८ मध्ये आला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये व्हीपीएनच्या यादीत ३१ व्या क्रमांकावर बसला. आकारही लहान. दोन टोकांत जो बिंदू पाठवायचा तो ३२ बाइटांचा. पी-२५६ ला ६४ लागतात आणि २०४८ बिटांच्या जुन्या १४ नंबरच्या गटाला २५६. रामनगरच्या पावसात, जिथे मोबाईलची रेंज गच्चीच्या एकाच कोपऱ्यात येते, तिथे जितके कमी बाइट तितकं बरं.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. त्याच आठवड्यात, २९ मार्चला, लिनक्सची ५.६ आवृत्ती निघाली आणि तिच्यासोबत वायरगार्ड हा व्हीपीएन लिनक्सच्या गाभ्यात आला. वायरगार्डला यादीच नाही. कर्व्ह २५५१९, दुसरं काही नाही, वाटाघाट नाही. मला तो विचार आवडतो, पण माझ्याकडे वेगवेगळ्या वयाची यंत्रं होती, म्हणून मी स्ट्राँगस्वान या यादीवर चालणाऱ्या व्हीपीएन प्रोग्रॅमवरच राहिलो. सगळे घरी, टनेल वाढले, मी रामनगरला येऊन गच्चीवर टेबल टाकलं. सेटिंगची ओळ लिहिली: एईएस २५६, शा ३८४, मग कर्व्ह २५५१९. दुसरा पर्याय ईसीपी ३८४, म्हणजे २० नंबरचा पी-३८४. टनेल वर आले. मी समाधानानं झोपलो.

पाच महिन्यांनी एका दुपारी लॉग चाळताना एका शाखेसमोर मला मॉडपी २०४८ दिसलं. १४ नंबरचा गट, जो मी यादीत लिहिलाच नव्हता. मी तीनदा ओळ वाचली. ओळ बरोबर होती. मग लक्षात आलं, ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह नव्हतं. त्या जुन्या पद्धतीच्या सेटिंगमध्ये शेवटचं उद्गारचिन्ह म्हणजे 'एवढंच, बाकी नको'. ते नसलं की आपली यादी आधी, आणि तिच्या मागे प्रोग्रॅमची स्वतःची लांबलचक यादी जोडली जाते. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वाचलेलंही होतं. त्या शाखेतल्या जुन्या राऊटरला कर्व्ह कळतच नव्हते, त्यानं १४ मागितलं आणि माझ्या दारानं दिलं. पाच महिने मी जे लिहिलं होतं ती माझी इच्छा होती, नियम नव्हता. १४ नंबरचा गट तुटलेला नाही, काही गळलं नाही, हे नशीब.

उद्गारचिन्ह टाकलं आणि ती शाखा लगेच तुटली. लॉगमध्ये उत्तर आलं: 'नो प्रपोजल चोझन'. शाखेतला मुलगा फोनवर घाबरला, "दादा, टनेल डाऊन आहे, वर घेऊ का जुन्या सेटिंगनं?" मी म्हटलं, थांब. दोन दिवस त्या शाखेनं काम फोनवर केलं. तिसऱ्या दिवशी नवा राऊटर लोंढ्यापर्यंत रेल्वेनं आला, तिथून मोटारसायकलवर. लावला, आणि लॉगमध्ये जी देवाणघेवाण झाली ती मी त्या मुलाला स्क्रीनवर दाखवली. नव्या राऊटरनं आधी अंदाजानं १९ चा बिंदू पाठवला. माझ्या बाजूनं 'इनव्हॅलिड के-ई' म्हणून परत पाठवला, सोबत दोन बाइटांत एकच आकडा: ३१. त्यानं पुन्हा ३१ चा बिंदू पाठवला. टनेल वर. "म्हणजे दारानंच सांगितलं कुठल्या खुणेनं यायचं," तो म्हणाला. मला कॅसलरॉकचा खडू आठवला, पण त्याला मी ते सांगितलं नाही, कामाची वेळ होती.

याद्या इथे थांबणार नाहीत. पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर हे सगळेच वक्र मोडतील, शोर यांनी १९९४ मध्येच तशी रीत मांडून ठेवली आहे. १३ ऑगस्ट २०२४ ला निस्टनं एमएल-केम नावाची नवी पद्धत प्रमाण केली, आणि वक्र व ती अशा दोन्ही एकापाठोपाठ चालवायची सोय आरएफसी ९३७० नं मे २०२३ मध्येच करून ठेवली आहे. आज ना उद्या ३१ हाही मागे पडेल आणि त्याचा क्रमांक तसाच रिकामा ठेवावा लागेल.

पतसंस्था, सहकारी बँका, साखर कारखाने, शाळांचे समूह, जिथे जिथे मराठी मुलं शाखा जोडायचं काम करतात त्यांना माझं सांगणं आहे. यादी लिहून झाली की उठू नका. टनेल वर आला म्हणजे काम झालं असं समजू नका. लॉग उघडा आणि प्रत्येक टोकासमोर प्रत्यक्षात कुठल्या गटावर करार झाला तो क्रमांक वाचा. दोन, पाच किंवा चौदा दिसला तर त्या टोकाचं यंत्र कोणतं, किती जुनं, ते वहीत लिहा आणि बदलायची तारीख मागा. माझ्या वहीत आज सतरा टोकं आहेत. सोळांसमोर ३१ आहे, एकासमोर २०.